झाडे सरांची सही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, आणि ज्या माणसाला सांगायला हवं होतं त्याला तर — दोनदा समोर उभा असूनही — नाहीच. आता तुम्हाला का सांगते आहे? मलाही नीट ठाऊक नाही. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं. येत नाही. आदिलाबादेतल्या घरी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले आहे, कुकरच्या शिट्ट्या मोजते आहे, आणि एकीकडे हे लिहिते आहे. तिसरी झाली आत्ता.

गोष्ट तिरंदाजीची आहे. म्हणजे — तिथून सुरू होते.

मी तेव्हा नववीत होते. आपला आदिलाबाद जिल्हा अजून अखंड होता, त्याचे चार तुकडे व्हायचे होते. बाबा महसूल खात्यात. बोथहून त्यांची बदली आदिलाबादला झाली आणि आम्ही भाड्याच्या घरात राहायला आलो. नव्या शाळेच्या मागे एक मैदान होतं. एका कडेला बाभळी, आणि त्यांच्या पुढे गवत घट्ट बांधून केलेले तीन मोठे ठोकळे. त्या ठोकळ्यांवर कागद लावून आम्ही आठ मुली बांबूच्या धनुष्याने बाण मारायचो. शिकवायला झाडे सर. वांकिडीकडचे. घरी कापूस, ज्वारी. सगळे भाऊ शेतात, हे एकटेच खेळाच्या नादाने बाहेर पडलेले. शाळेत कंत्राटावर होते, दर जूनला त्यांचा कागद नवा व्हायचा. तेव्हा ते आम्हाला केवढे मोठे वाटायचे! आज हिशेब केला तर कळतं — तिशीचे होते. आज मी आहे त्याहून लहानच.

सरांची एक पद्धत होती. ती आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

प्रत्येकीकडे शंभर पानी वही. सोमवारी सकाळी, धनुष्याला हात लावायच्या आधी, त्या आठवड्याचं आपलं ध्येय तिच्यात लिहायचं. सरांनी ठरवून दिलेलं नाही — आपलं आपण. खाली दोन रकाने: डावीकडे रोज किती बाण मारले, उजवीकडे किती गुण पडले. शनिवारी सर वही वाचायचे, दोन शब्द बोलायचे आणि पानाच्या तळाशी सही करायचे.

पहिल्या सोमवारी मी लिहिलं, ‘या आठवड्यात दहा वेळा दहापैकी दहा मारणे.’ सर हसले नाहीत.

“दहा पडनं तुह्या हातात नाई, शुभा,” ते म्हणाले. “वारा राह्यते, बाण वाकडा राह्यते. दोरी हनवटीले लावनं तुह्या हातात हाये. जे हातात हाये ते लिव.”

मग मी ते खोडलं आणि लिहिलं: ‘दोरी हनुवटीला लागल्याशिवाय बाण सोडायचा नाही.’ एक आठवडा फक्त तेवढंच केलं. पुढच्या आठवड्यात: ‘बाण ठोकळ्यात रुतेपर्यंत डावा हात खाली आणायचा नाही.’ त्याच्या पुढे: ‘दोन बाणांच्या मध्ये एक पूर्ण श्वास.’ इतकं साधं. जूनमध्ये माझे बाण बाभळीत जाऊन अडकत होते, ते काढताना हाताला काटे लागायचे. दिवाळीपर्यंत तीस मीटरवरून छत्तीस बाणांत तीनशेसाठपैकी दोनशेचाळीस पडायला लागले. आयुष्यात एखादी गोष्ट मी स्वतः ठरवली आणि ती टप्प्याटप्प्याने जमत गेली, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. खरं सांगू? त्यानंतरही फारसं झालेलं नाही.

आणखी एक नियम होता. दिवसाला शंभर बाण. “त्याच्यावर एक नाई,” सर म्हणायचे. “हाडं कोवळी हायेत तुमची.” एकशेएकावा बाण कुणी लावला तर ते धनुष्य काढून घ्यायचे. आठही जणींना हे पाठ होतं. मलाही होतं.

हे लक्षात ठेवा — मला ते चांगलं माहीत होतं.

जिल्ह्याच्या निवडीत माझा दुसरा नंबर आला. राज्याच्या संघासाठी हैदराबादला चाचणी होती, त्यासाठी माझं नाव गेलं. बाबांनी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. तहसीलदारांपासून शिपायापर्यंत. संध्याकाळी घरी कुणीही आलं की मला बाहेर बोलावायचे, “ही आमची शुभांगी, हैदराबादला चालली.” वाईट हेतू नव्हता त्यांचा. खूश होते. त्या सोमवारी मी वहीत एकच आकडा लिहिला: तीनशे.

शनिवारी सरांनी तो बराच वेळ पाहिला. “हे कोनाचं हाये? तुहं का बाबाचं?”

“माझं,” मी म्हटलं.

त्यांनी सही केली.

त्यानंतर काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. बोटं ऐकेनात. दोरी ओढायची, हनुवटीला यायला चार बोटं राहिलेली असायची, आणि बोटं आपोआप उघडायची. बाण भलतीकडे. मी ठरवायची — आता नाही सोडायचा. तरी सुटायचा. शिंक आवरता येत नाही ना, तसं. दोनशेवीस. दोनशे. एकशेपंच्याऐंशी. बाकीच्या मुली आपापले बाण काढायला जायच्या तेव्हा माझ्या ठोकळ्याकडे बघायच्या नाहीत. मुद्दाम बघायच्या नाहीत.

सरांना समजलं. त्यांनी मला ठोकळ्यापासून पाच पावलांवर आणलं, कागद काढून टाकला, डोळे मिटून बाण मारायला लावले. म्हणाले, असं होते, मोठमोठ्यायले होते, जाते ते. आणि म्हणाले, “काई दिवस आकडे लिवूच नको. रकाने कोरे ठेव. मी सही करतो.”

आणि करत राहिले. पाच शनिवार. कोऱ्या रकान्यांच्या खाली त्यांची सही — निळ्या शाईची, झ चा मोठा फराटा असलेली.

आता ऐका, मी काय केलं.

बाबा दर रविवारी वही बघायचे. कोरे रकाने त्यांना कसे दाखवायचे? बोटं उघडतात, बाण बाभळीत जातात, हे कसं सांगायचं? तर रविवारी सकाळी, बाबा आंघोळीला गेले की मी रकाने भरायची. दोनशेसत्तर. दोनशेएक्क्याऐंशी. दोनशेनव्वद. नुसते गुण वाढले तर खोटे वाटतील, त्यामागे मेहनत दिसायला हवी — म्हणून डावीकडे बाणही वाढवले. दोनशे. अडीचशे. तीनशे. एका आठवड्यात तर रोजचे तीनशेवीस लिहिले. सरांच्या सहीच्या वर, त्यांनी न पाहिलेले आकडे. शनिवारी मी त्यांच्यासमोर नवंच पान उघडून धरायची. बाबा वाचायचे आणि पान बोटाने सरळ करायचे. “याला म्हणतात मेहनत,” म्हणायचे.

हैदराबादला जायला तीन दिवस राहिले. छत्तीस बाण. सगळ्यांसमोर. दोनशेनव्वद लिहिणारी मुलगी एकशेऐंशी मारणार. मी गुरुवारी सकाळी ओट्यावरचा पाण्याचा हंडा उचलायला गेले, अर्ध्यात ठेवून दिला आणि आईला म्हटलं, “आई, खांदा लई दुखतो.”

खांदा दुखत नव्हता. तो कधीच दुखला नाही. काल नाही, आज नाही, त्या दिवशीही नाही.

फक्त तो चाचणीचा रविवार टाळायचा होता मला. एवढंच. त्यापुढचा विचार केला नव्हता. पण आईने बाबांना हाक मारली, बाबा मला स्कूटरवर बसवून डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर दाबतील तिथे मी “आई गं” म्हटलं. फोटो काढला, त्यात काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, स्नायूवर ताण आला असेल, दीड महिना आराम. हात गळ्यात अडकवून मी घरी आले. आणि मग बाबांनी विचारलं, अगदी शांतपणे, “रोज किती बाण मारायची तू?”

शंभर. एक शब्द होता तो.

मी का नाही म्हटलं? पुष्कळदा या जागेपाशी येऊन थांबते मी. भीती होती, हे खरं. पण भीतीने तोंड बंद होतं. माझं तर उघडलं. शंभर म्हटलं असतं तर खांद्याला काही कारण उरलं नसतं आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं असतं. ते रागावलेले होते, कुणावर तरी रागावणार होते, आणि ते कुणीतरी मी नसावं एवढंच मला हवं होतं. मी म्हटलं, “तीनशे.” आणि उठून, डाव्या हाताने, वही आणून त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी पानं उलटली. प्रत्येक पानावर सही.

बाबांनी तक्रारीची दरखास्त लिहिली. महसुलातला माणूस, कागद कसा लिहायचा ते त्यांना पक्कं ठाऊक. पुढच्याच आठवड्यात शाळेत चौकशीला शिक्षण खात्याचे एक साहेब आले. मला हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं. बाबा खुर्चीवर, साहेब खुर्चीवर, मी बाबांच्या शेजारी हात गळ्यात अडकवून. झाडे सर दाराशी उभे. त्यांना बस म्हणून कुणी म्हटलं नाही.

साहेबांनी मला विचारलं, तीनशे बाण मारायला कोण लावत होतं? मी मान खाली घातली. तेवढं पुरलं त्यांना.

“मी शंभरच सांगतले होते, साहेब,” सर म्हणाले.

साहेबांनी वही त्यांच्याकडे सरकवली. सरांनी ती उचलली. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं. आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हाच त्यांना समजलं असेल, असं मला बरीच वर्षं वाटायचं. रकाने कोरे ठेव म्हणणारा माणूस तोच होता ना? त्याने फक्त एवढंच म्हणायचं होतं — हे आकडे मी सही केली तेव्हा नव्हते. मी वाट बघत होते. हो, खरंच वाट बघत होते की त्यांनी ते म्हणावं, आणि म्हणू नये.

पण त्यांना तसं काही समजलं नव्हतं. त्यांना वाटलं, पोरीनं खरंच मारले. आपण रकाने कोरे ठेवायला सांगितले, मैदानावरून लक्ष काढलं, आणि पोर चोरून कुठेतरी तीनशे तीनशे बाण मारत बसली. ते साहेबांना म्हणाले, “सही माहीच हाये. मी पाह्यलं नाई. माहं चुकलं.” बाबांनाही म्हणाले, माफ करा. बाबांनी त्यांच्या हातातली वही काढून घेतली.

मग ते माझ्यासमोर आले आणि थोडे वाकले. “शुभा, तू काऊन नाई सांगतलं मले, दुखून राह्यलं म्हणून?”

मी रडायला लागले. सगळ्यांना वाटलं, खांदा दुखतोय. बाबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्या जूनची वाट कुणी पाहिली नाही. सर त्याच आठवड्यात कामावरून गेले. धनुष्यं सामानाच्या खोलीत कुलपात. बदली माणूस आला नाही. गवताचे ठोकळे पावसात कुजले, मग कुणीतरी गुरांसाठी नेले. आम्हा आठ जणींत रेणुका नावाची मुलगी होती, तोवर माझ्यापेक्षा कितीतरी चांगली झालेली. पुढच्या वर्षी तीच निवडली जाणार होती. तिची तिरंदाजी तिथेच संपली. ती मला महिनाभर रोज विचारायची, “नोप्पी उंदा?” दुखतंय का अजून? मी म्हणायची, “उंदी.” आहे. नंतर तिने विचारणं सोडलं, आणि मी गळ्यातला पट्टा काढून ठेवला.

इथे थांबले तर तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. पंधरा वर्षांची पोर होतीस. घाबरली होतीस. म्हणाल ना? मीही स्वतःला तेच सांगत आले. त्यावर माझी चांगली सोळा वर्षं निघाली. डिग्री झाली, नोकरी लागली, सरकारी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. बाबा रिटायर झालेत. पाहुणे आले की अजून सांगतात, कसं त्यांनी पोरीसाठी एका मास्तरला सरळ केलं. मी तेव्हा चहा ओतत असते. ओतत राहते.

पण पुढचं तुम्हाला सांगायचं राहिलं आहे, आणि खरं म्हणजे तेवढंच सांगायचं होतं. पुढचं घडलं तेव्हा मी पंधरा वर्षांची नव्हते.

गेल्या मार्चमध्ये परीक्षेच्या ड्युटीवर मला वांकिडीला पाठवलं. पंधरा दिवस एका शिक्षिकेच्या घरी खोली घेऊन राहिले. सर इकडचेच, हे मला आठवत नव्हतं असं नाही. रोज सेंटरवर जाताना रस्त्यावरचे चेहरे बघायची, आणि कुणी दिसलं नाही की बरं वाटायचं. शेवटच्या दिवशी पेपर झाला, गठ्ठे सील झाले, मी बॅग घेऊन दुपारी रस्त्यावर बसची वाट बघत उभी राहिले. ऊन मी म्हणत होतं. एक मोटरसायकल पुढे गेली, थांबली आणि पाय टेकत टेकत मागे आली.

“शुभा ना तू?”

केस पांढरे झालेले. मागे पंपाचा कसला तरी भाग दोरीने बांधलेला. मी वाकून नमस्कार केला. त्यांना खरंच आनंद झाला होता — चेहरा लपवता येणारा माणूस नव्हता तो कधीच. काय करतेस, कुठं राह्यतेस, लेकरं किती. लेक्चरर झाली म्हटल्यावर दोनदा “वा” म्हणाले. स्वतःचं विचारलं तर म्हणाले, शेती करतो, कापूस लावतो, चाललं हाये.

“आणि तिरंदाजी?” मी विचारलं. का विचारलं?

“सोडली,” ते म्हणाले. “इथल्या शाळेचे लोक आले होते दोन-तीनदा. पोरं हायेत, शिकवा म्हणे. मी नाई म्हटलं. एका लेकराचा खांदा बिघडवला, पुरे झालं. माही पोरगीही मागे लागली होती. तिले हात लावू देल्ला नाई धनुष्याले.” हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. पाऊस कमी झाला, असं सांगावं तसं. मग माझ्या उजव्या हाताकडे बघून म्हणाले, “कसा हाये आता? वर करून दाखव बरं.”

रस्त्यावर तेव्हा कुणी नव्हतं. बाबा नव्हते, साहेब नव्हते, हेडमास्तर नव्हते. आम्ही दोघंच. मला कुणाचं भय होतं? नोकरी जाणार होती? मार बसणार होता? हात सरळ वर न्यायचा, कानाला लावायचा, आणि म्हणायचं — सर, याला कधीच काही झालं नव्हतं. पाच सेकंदांचं काम. त्या माणसाची सोळा वर्षं त्यात परत आली नसती, पण निदान त्याची पोरगी —

मी हात वर केला. खांद्याच्या उंचीपर्यंत नेला. आणि तिथे थांबवला.

चेहऱ्यावर थोडं दुखल्यासारखंही आणलं. तेही केलं मी.

“राहू दे, राहू दे,” ते घाईने म्हणाले आणि माझा हात दोन्ही हातांनी धरून सावकाश खाली आणला. काही क्षण तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, “माह्यामुळं झालं हे.”

मी म्हटलं, “जाऊ द्या सर. जुनं झालं.”

म्हणजे मी त्यांना माफ केलं. हे ऐकताय ना तुम्ही? मी त्यांना माफ केलं.

बस आली. आता बायकांना बसचं तिकीट लागत नाही, त्यामुळे बस नेहमी भरलेलीच असते, दारापर्यंत. मी बॅगेला हात घातला तर सर म्हणाले, “तू नको उचलू,” आणि स्वतः उचलली. जड होती. त्यांनी ती खांद्यावर घेऊन गर्दीतून आत नेली, सीटखाली सरकवली आणि कंडक्टरला तेलुगूत सांगितलं की या बाईंचा हात अधू आहे, यांना जरा बसायला द्या. कंडक्टरने आवाज दिला. भाजीची टोपली मांडीवर घेऊन बसलेली एक म्हातारी लगेच उठली, टोपली काखेत घेतली आणि मला बस म्हणाली.

सर खाली उतरले. खिडकीशी येऊन हात हलवला. बस सुटली. म्हातारी आसिफाबादपर्यंत दांडा धरून उभी होती.

मी बसून होते.